कोऱ्या कापडावरची सही

श्री. काशीनाथराव म्हस्के यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते बाजाराच्या मैदानात, माळणींच्या रांगेत, जमिनीवर बसलेले होते. डोक्यावर पांढरी टोपी, शेजारी सायकल आडवी टाकलेली, मांडीवर वही. नगरपालिकेचे ओव्हरसियर साहेब कुठे भेटतील असे मी कचेरीत विचारले, तर शिपायाने मैदानाकडे बोट दाखवले. मैदानात मी त्यांच्यासमोरून दोनदा पुढे निघून गेलो. साहेब म्हटल्यावर ते खाली बसलेले असतील हे माझ्या मनातही आले नाही. शेवटी एका माळणीने हाक मारली, "ओ बापू, कोणाले पाहून राह्यले? साहेब हे काय, इथं बसले!"

मी उंद्रीहून आलो होतो. मॅट्रिक झालेलो, ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिलेल्या, हातात नोकरीचा अर्ज. काशीनाथरावांनी अर्ज घेतला, घडी न उघडताच वहीत ठेवला आणि म्हणाले, "बस." माझ्या अंगात मामाकडून मागून आणलेली इस्त्रीची पँट होती. मी उभाच राहिलो. "इथून पाह्यलं म्हंजे कळते," ते म्हणाले, "उभ्यानं नुसती गर्दी दिसते." तरी मी बसलो नाही. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही. "सोमवारपासून ये," एवढेच बोलून ते पुन्हा वहीत काही टिपू लागले.

काशीनाथरावांच्या साठाव्या वर्षाच्या या ग्रंथासाठी माझा लेख हवा, असे गौरव समितीच्या चिटणीसांनी सांगितले तेव्हा मला म्हस्के साहेबांचा पट्टशिष्य म्हटले. त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि त्यांच्या निवृत्तीनंतर त्यांच्याच खुर्चीवर बसलो, म्हणून तसे म्हणाले असावेत. निघताना मात्र दाराशी थांबून हळूच म्हणाले, "फक्त तो नव्या पेठेचा विषय टाळा. चांगल्या प्रसंगी कशाला? एवढ्या मोठ्या कामात एखादा डाग राहूनच जातो."

त्यांचा हेतू चांगला होता. गावात बहुतेक जण असेच मानतात, की म्हस्के साहेबांनी नाल्या बांधल्या, पाणी आणले, शाळेच्या जागा राखल्या, पण नव्या पेठेत त्यांनी दुकानदारांचे ऐकले आणि माळणींना मागच्या चिखलात ढकलले. या ग्रंथाच्या वाचकांपैकीही कित्येकांनी हे कधी ना कधी बोलून दाखवले असेल. तो डाग काशीनाथरावांचा नाही. तो माझा आहे. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून मी तोच विषय लिहितो. नाल्या आणि पाण्याविषयी माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे या ग्रंथात आहेत.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. कचेऱ्या वाढत होत्या, एस.टी.चे स्टँड वेशीबाहेर गेले होते आणि त्याच्या मागोमाग गावही बाहेर सरकू लागले होते. आज जिथे नवी पेठ आहे तिथे तेव्हा उघडे मैदान होते. एका अंगाला मोठा रस्ता, दुसऱ्या अंगाला नाला, मधे चार कडुलिंब. आठवड्याचा बाजार तिथेच भरे. या जागेवर साठ फुटी रस्ता, चौक, भाजीबाजाराचे ओटे आणि दुकानांचे गाळे अशी गावाची नवी पेठ वसवायची, असे नगरपालिकेने ठरवले आणि नकाशाचे काम काशीनाथरावांकडे दिले.

सेक्रेटरी साहेबांना वाटले होते की महिन्याभरात नकाशा येईल. काशीनाथरावांनी चार महिने कागदावर रेघ ओढली नाही. प्रत्येक बाजाराला ते मैदानात जात आणि मलाही नेत. रेंग्या, म्हणजे हलक्या बैलगाड्या, कुठे सुटतात, बैल कोणत्या झाडाखाली बांधतात, शेगावची गाडी आली की उतारू कोणत्या वाटेने गावात शिरतात, दुपारी तीनला सावली कुठवर येते, हे सगळे ते मला लिहायला लावत. मला तेव्हा हा वेळेचा अपव्यय वाटे. मी नकाशे काढायला आलो होतो, बैल मोजायला नव्हे, असे मी एकदा शिपायाजवळ बोललोही.

ओट्यांची उंची ठरवतानाचा प्रसंग मी विसरलेलो नाही. पुस्तकात उंची दिलेली होती. काशीनाथरावांनी ती वाचली, मग मैदानात विटा नुसत्या रचून एक कच्चा ओटा उभा केला आणि गयाबाईंना बोलावले. गयाबाई म्हणजे मला पहिल्या दिवशी हाक मारणारी तीच माळीण. पन्नाशीच्या, उंचीने लहान, आवाजाने मोठ्या. नाल्यापलीकडच्या मळ्यातून त्या वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर डोक्यावर घेऊन येत.

"बाई, टोपलं खाली उतरवा बरं, कोणाचा हात न लावू देता," काशीनाथराव म्हणाले.

गयाबाईंनी टोपले उतरवायचा प्रयत्न केला, अडखळल्या. "उंच झालं साहेब. एक वीट काढा."

काशीनाथरावांनी स्वतः वाकून विटांचा वरचा थर काढला. गयाबाईंनी पुन्हा टोपले उतरवले, ओट्यावर बसून पाहिले, पाय हलवून पाहिले. "हाव, आता जमलं. अन् गिऱ्हाइकाले वाकाव लागत नाही ना? नाही तर थे जाईन पुढं." मग काशीनाथराव गिऱ्हाईक झाले आणि गयाबाईंनी त्यांना वांगी दाखवली. बाजारातले लोक हसत होते. मी टेप धरून उभा होतो आणि मलाच लाज वाटत होती. साहेबाने असे करावे का, म्हणून. माझी लाज त्या काळी कुठे खर्च होत होती हे आता आठवते.

त्यांच्या नकाशात भाजीबाजार साठ फुटी रस्त्याला लागून, अगदी समोर होता आणि दुकानांचे गाळे त्याच्या मागे. सेक्रेटरी साहेबांनी विचारले, "म्हस्के, मोक्याची जागा भाजीला? दुकानदार काय म्हणतील?" काशीनाथराव म्हणाले, "साहेब, भाजीवालीचं ओझं डोक्यावर असते. तिले आत पाठवाचं अन् कापडवाल्याले समोर बसवाचं? कापड चार दिवस राह्यलं तरी सुकत नाही. कापड घेणारा शोधत आत येते. मेथीसाठी कोणी आत येत नाही."

मोठ्या व्यापाऱ्यांना अर्थातच समोरची जागा हवी होती. त्यांतले एक तेव्हा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. त्यांचे नाव मी लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, आणि त्यांचे नाव लिहिले तर वाचकांचा राग तिकडे वळेल आणि माझ्या वाट्याचा कमी होईल.

त्या दिवसांत ते मला येता-जाता दुकानावर बोलावू लागले. गादीवर नाही, खुर्ची मागवत. कपबशीत चहा येई. "या डोंगरे साहेब," असे म्हणत. मला तोवर कोणी साहेब म्हटले नव्हते. कचेरीत काशीनाथराव माझी अक्षरे पुन्हा पुन्हा खोडायला लावत. एकदा तर दोन ठेकेदारांसमोर त्यांनी माझा कागद परत केला आणि म्हणाले, "शिवराम, हे अक्षर वाचून मिस्तरी भिंत भलतीकडं बांधीन. पुन्हा काढ." ते बरोबर होते. पण ते मनात सलत राहिले, आणि दुकानावरची खुर्ची गोड वाटत गेली.

मी तीन वर्षे कच्च्या नोकरीवर होतो. घरी पत्नी कमल होती, पहिले बाळंतपण तोंडावर आले होते. ही अडचण मी स्वतःला फार वर्षे सांगत आलो. पण खरे सांगायचे तर घरी खायला कमी नव्हते. कोणी मला धमकावले नाही. भुकेने केले असते तर आज मान थोडी वर करता आली असती.

नकाशा पेन्सिलीत पूर्ण झाला. तो मी शाईने ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचा आणि गुरुवारच्या सर्वसाधारण सभेत ठेवायचा, असे ठरले. त्याआधीच्या शनिवारी सकाळी डोणगावहून तार आली. काशीनाथरावांच्या आई अत्यवस्थ होत्या. ते ताबडतोब निघाले. निघण्याआधी त्यांनी कोरे ट्रेसिंगचे कापड टेबलावर पसरले, उजव्या कोपऱ्यात खाली सही केली आणि मला म्हणाले, "उतरवून झालं की सेक्रेटरी साहेबाले देऊन दे. माह्यासाठी सभा थांबवू नका." कोऱ्या कापडावर सही. बाजूला उभ्या असलेल्या शिपायाने विचारले, "साहेब, अगोदरच?" ते म्हणाले, "शिवराम आहे ना."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उपाध्यक्षांनी मला दुकानावर बोलावले. त्यांना सहीचे कळले होते. कोणी सांगितले? मीच. आदल्या संध्याकाळी चहा पिता पिता, साहेबांचा माझ्यावर किती विश्वास आहे हे सांगताना.

ते काही वाकडे बोलले नाहीत. "डोंगरे साहेब, रेघ तर तुम्हीच ओढून राह्यले. भाजी मागं, गाळे समोर. गावाची पेठ शोभली पाह्यजे का नाही? म्हस्के साहेबाले आम्ही समजावून सांगू. तुमची नोकरी पक्की करावाचा ठराव त्याच सभेत घेऊ." मग थोडे थांबून, "तुमच्या दादाले किराण्याचं दुकान टाकाचं आहे म्हणते. कोपऱ्यावरचा गाळा चांगला."

मी लगेच हो म्हटले नाही. पण नाहीही म्हटले नाही. तिथून कचेरीत गेलो. सुट्टीचा दिवस, कचेरी रिकामी, बाहेर ऊन. किल्ली माझ्याजवळ होती. दुपारी बाराला बसलो ते पाचपर्यंत. ओटे मागे नाल्याकडे नेले, गाळे समोर आणले, आणि बाजारात शिरायची तीस फुटांची वाट बारा फुटांवर आणली, कारण एक गाळा जास्तीचा बसत होता. कोपऱ्यावरचा. अक्षर फार सुरेख आले. त्या दिवशी माझ्या मनात आले होते ते लिहायलाच हवे: आता काशीनाथरावांनी हे पाहिले तर एकही अक्षर खोडणार नाहीत.

सभेने नकाशा मंजूर केला. म्हस्क्यांनी अखेर दुकानदारांचे ऐकले असेच सेक्रेटरी साहेबांना वाटले. माझी नोकरीही पक्की झाली.

काशीनाथराव आईचे दिवसकार्य उरकून परत आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते. टोपी सैल बसत होती. ते कचेरीत टेबलाशी येऊन बसतात न बसतात तोच गयाबाई आणि आणखी सात-आठ माळणी आत शिरल्या. शिपायाने अडवले, तरी आल्या. गयाबाईंच्या डोक्यावर टोपले होते. त्यांनी ते काशीनाथरावांच्या पायांपुढे ओतले. वांगी टेबलाखाली घरंगळत गेली.

"साहेब, तुम्हीबी विकले गेले?" त्या म्हणाल्या. "काऊन बसले होते मंग आमच्यात? आमच्याच तोंडून सारं इचारून घेतलं अन् आमालेच नाल्यात ढकललं?"

काशीनाथरावांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी नकाशाची निळी प्रत त्यांच्यापुढे ठेवली; मला दुसरे काही सुचले नाही. ती त्यांनी उलगडली. कितीतरी वेळ ते पाहत राहिले. त्यांच्या उजव्या हाताच्या खणात त्यांचा मूळ पेन्सिलीचा कागद होता. खण उघडून तो गयाबाईंपुढे धरला असता तर सगळे तिथेच संपले असते. मी त्या खणाकडे पाहत होतो आणि तो उघडू नये म्हणून मनात देवाचे नाव घेत होतो.

ते म्हणाले, "बाई, सही माही आहे."

गयाबाई थुंकल्या नाहीत एवढेच. त्या निघून गेल्या. काशीनाथराव खाली वाकून वांगी वेचू लागले. मी पुढे झालो तर म्हणाले, "राहू दे."

पुढे त्यांनी सेक्रेटरी साहेबांना लेखी कळवले की नकाशात आपल्या हातून चूक झाली आहे, सभेने फेरविचार करावा. सभेने फेरविचार केला नाही. उलट निष्काळजीपणाबद्दल त्यांना ठपका दिला आणि पेठेचे काम त्यांच्याकडून काढून घेऊन नाल्या आणि रस्त्यावरचे दिवे त्यांच्याकडे दिले. त्या नाल्या त्यांनी अशा बांधल्या की आज या ग्रंथात त्यांवर दोन लेख आहेत. पण त्या त्यांना शिक्षा म्हणून मिळाल्या होत्या, हे त्या लेखांत नसेल.

त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही. त्यांना कळले असेल का, हा प्रश्न मी वर्षानुवर्षे चघळला. कळले नसावे, असे मानणे मला सोयीचे होते. मग काही घडे आणि मी पुन्हा अस्वस्थ होई. त्या घटनेनंतर दीड महिन्याने भर दुपारी कमलच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी साइटवर होतो. शेजारणीने मुलगा पाठवला तो कचेरीत, काशीनाथरावांकडे. त्यांनी कुणाची तरी रेंगी जोडून आणली, आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, बरोबर घेतले आणि कमलला दवाखान्यात पोचवले. मी पोचलो तेव्हा मुलगी झाली होती आणि काशीनाथराव व्हरांड्यासमोर रेंगीच्या बैलांना पाणी दाखवत होते. "दोघीबी खुशाल आहेत," म्हणाले आणि सायकल आणायला चालत निघाले. मी त्यांचे पाय धरायला हवे होते. मी नुसते "बरं झालं" म्हणालो.

दोन वर्षांनी ओव्हरसियरच्या शिक्षणासाठी अमरावतीला एक माणूस पाठवायचा होता. काशीनाथरावांनी माझे नाव लिहिले. मी त्यांना विचारले, "माझंच काऊन?" ते म्हणाले, "तुह्या हाताले वळण आहे. दुसऱ्याच्या हाताले नाही." त्या वाक्याचा अर्थ मी अमरावतीच्या वसतिगृहात पडल्या पडल्या कितीदा तरी लावून पाहिला.

इकडे पेठ वसली. समोर गाळे उभे राहिले, कोपऱ्यावरचा माझ्या दादाला मिळाला. ओटे मागे, नाल्याच्या काठी. पावसाळ्यात बारा फुटांची ती वाट चिखलाने भरे, आणि गाळ्यांसमोर लावलेल्या सायकलींनी उरलीसुरली अडे. गिऱ्हाईक आत येईनासे झाले. दुपार टळली की माळणी उरलेली भाजी समोरच्या दुकानदारांनाच मिळेल त्या भावाने देऊन टाकू लागल्या आणि तीच भाजी दुकानांच्या फळ्यांवर चढ्या भावाने विकली जाऊ लागली. माझ्या दादाच्याही. गयाबाई तीन वर्षे आल्या. मग त्यांची सून सुभद्राबाई टोपले आणू लागली. गयाबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेला काशीनाथराव गेले होते. मी गेलो नाही.

काशीनाथराव आजतागायत दर बाजाराला पिशवी घेऊन मागे ओट्यांवर जातात. समोरच्या दुकानातून त्यांनी कधी भाजी घेतलेली कोणी पाहिली नाही. माळणी त्यांना तोलून देतात, बोलत नाहीत.

समितीचे पत्र आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होते. काकूंनी चहा दिला. मी सगळे सांगितले. बारा-तेरा वर्षे तोंडात धरलेले सांगायला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्यांनी पाण्याचे भांडे खाली ठेवले.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "कोरं कापड तुह्याजवळ देऊन गेलो होतो. दुसरा कोण?"

"मग खण काऊन उघडला नाही, साहेब?"

"कमल पोटुशी होती. तुही नोकरी गेली असती, कदाचित पोलिसही आले असते. म्या म्हटलं, एका घराचा नाश कशाले? माह्या नावाले बट्टा लागला तर लागू दे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी त्यांना असे चिडलेले कधी पाहिले नव्हते. "पण थ्या बायाईले म्या इचारलं होतं का, शिवराम? तुले वाचवाले थ्याईची जागा देल्ली म्या. थे जागा का माही होती? त्या दिवशी खण उघडाले पाह्यजे होता. तू एक रविवार चुकला. मी रोज चुकून राह्यलो. हार घालून घ्यावाले काय तोंड आहे माह्यं?"

मी रडलो. ते म्हणाले, "माह्यापाशी काय रडतो? गयाबाई तर गेली. तिच्या सुनेले सांगितलं का?"

त्या आठवड्याच्या बाजाराला मी मागे गेलो. नव्या पेठेचा ओव्हरसियर असून मी त्या ओट्यांपाशी वर्षातून दोनदा, पाहणीपुरता जात असे. सुभद्राबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मी उभ्या उभ्या सुरुवात केली. त्यांनी हात थांबवला नाही, पण ऐकले. बाजूच्या दोघीही ऐकत होत्या. माझे संपल्यावर त्या म्हणाल्या,

"म्हंजे म्हस्के साहेबानं काहीच केलं नव्हतं?"

"नाही. मी केलं."

"माह्या सासूनं मरेपर्यंत त्या मानसाले शिव्या देल्या, मालूम आहे का तुमाले? दर बाजाराले. भाजी तोलून दे, पन बोलू नको, असं मले सांगून गेली. अन् थो बापडा येतच राह्यला." त्यांनी जुडी बाजूला ठेवली. "त्या शिव्या आता कोण माघारी घेईन? तुमी?"

"तुम्ही सांगाल ते करतो," मी म्हणालो.

"मी काय सांगू? मले का नकाशा काढता येते? तुमीच साहेब आहा." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "साहेबाचं पुस्तक निघून राह्यलं म्हणते. त्याच्यात लिहा हे सारं. मले वाचता येत नाही, माही पोरगी वाचून दाखवीन. वट्ट्यावर बसून वाचाले लावीन, सगळ्याईले आयकू जाईन असं."

म्हणून हा लेख असा आहे. सुभद्राबाईंच्या मुलीला वाचायला सोपे जावे म्हणून मी जड शब्द टाळले आहेत. ज्यांना गौरवलेखात हे शोभत नाही असे वाटेल त्यांचा राग मला मान्य आहे.

काशीनाथरावांची शिकवण म्हणून या ग्रंथात पुष्कळ गोष्टी लिहिल्या जातील. नियमितपणा, साधी राहणी, हातचे काम. त्या सगळ्या खऱ्या आहेत. मी एवढेच जोडतो की ज्याच्यासाठी बांधायचे त्याला विचारून बांधा, हे त्यांनी आम्हाला शिकवले, आणि जिथे ते स्वतः विचारायचे राहून गेले ते त्यांनी त्या अंगणात माझ्यासमोर, साठाव्या वर्षी, कबूल केले. त्यांच्या मोठेपणाचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. माझ्यासारखा माणूस त्यांच्या हाताखाली राहूनही हे शिकला नाही, हा दोष शिकवणाऱ्याचा नव्हे.

आता पुढचे. समोरच्या कोपऱ्याचे दोन गाळे काढून बाजाराला मूळच्या तीस फुटांचे तोंड द्यावे आणि रस्त्याला लागून ओट्यांची एक रांग बांधावी, असा प्रस्ताव मी सहीनिशी सादर केला आहे. त्याला काशीनाथरावांचा पेन्सिलीचा मूळ कागद जोडला आहे. तो त्यांनी जपून ठेवला होता. नकाशा कोणी बदलला हेही प्रस्तावात लिहिले आहे. त्याबद्दल नगरपालिका माझ्यावर जी कारवाई करील ती होईल. काढायच्या दोन गाळ्यांतला एक माझ्या दादाचा आहे. दादांना मी सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुह्या पापाचं प्रायश्चित्त माह्या दुकानानं घ्यावं का बे?" तेव्हापासून ते आमच्याकडे येत नाहीत. वहिनी सणाला आल्या नाहीत. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मला म्हणता येत नाही. त्यांना मागच्या रांगेत जागा मिळावी असे मी लिहिले आहे, पण कोपरा तो कोपरा. प्रस्ताव मंजूर होईल की नाही, मला ठाऊक नाही. सभेत विरोध आहे. सभासदांपैकी जे हा ग्रंथ वाचतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

गावातल्या इतरांना दुसरी विनंती. काशीनाथराव बाजारात दिसले तर त्यांना थांबवून चार शब्द बोला. जुने काही उकरून काढायची गरज नाही. सुभद्राबाईंनी परवा त्यांना सांभाराची जुडी वरून दिली आणि विचारले, "काकू कशा आहेत?" मी पलीकडच्या ओट्यापाशी होतो. त्यांनी जुडी जपून पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "बऱ्या आहेत बाई. गुडघे दुखतात."

काशीनाथरावांची प्रकृती अजून चांगली आहे. सायकल चालवतात, दात शाबूत आहेत, पहाटे उठून मोगऱ्याला पाणी घालतात. काकूंचे गुडघे बरे व्हावेत आणि त्या दोघांनी पुष्कळ वर्षे, दुखण्याखुपण्यावाचून, या गावात राहावे अशी माझी इच्छा आहे. या इच्छेत माझा स्वार्थ आहे. गावाने त्यांना बारा-तेरा वर्षे गप्प राहून वागवले. ते भरून काढायला तितकी वर्षे तरी लागतील, आणि ती त्यांनी आम्हाला द्यावीत.